पॉविसची बाग बघावी, पण आधी क्लाइव्हची दालनं

रानजाई

वेल्समध्ये वेल्शपूलजवळ पॉविस कॅसल आहे. बर्मिंगहॅमहून थेट ट्रेन जाते, त्यामुळे इकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात त्याचे फोटो येतात. तांबड्या दगडाचा वाडा, एकाखाली एक उतरत गेलेल्या बागेच्या गच्च्या, शिशाचे पुतळे, मोर. टिपूचा तंबू मात्र कुणाच्याच फोटोत नसतो.

तो त्याच वाड्यात आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि लुटीतल्या वस्तू या घराण्याकडे आल्या. सिंहासनावरचं रत्नजडित सोन्याचं वाघाचं मुंडकं त्यातलंच. तंबू छिटाचा, म्हणजे नक्षीच्या सुती कापडाचा आहे. पांढऱ्या जमिनीवर कुंडीतली फुलझाडं, ओळीनं, कमानीत बसवलेली. कारागिराचा हात इतका सफाईचा की बघत राहावं. पुढे हाच तंबू पॉविसच्या हिरवळीवर गार्डन पार्ट्यांसाठी उभारला जायचा.

माझं म्हणणं एवढंच की जावं, तिकीट काढून जावं, मुलांना घेऊन जावं. पण आधी क्लाइव्ह म्युझियमची दालनं आणि मग बाग. आधी बाग केली की मुलं दमतात, केक खातात, आणि म्युझियम राहून जातं ते राहूनच जातं.

कृष्णाकाठ

साफ असहमत. आपल्याकडून नेलेली वस्तू बघायला आपणच पैसे मोजायचे? २०२४ च्या जुलैत वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली तेव्हा किती आनंद झाला सगळ्यांना, पण तीही तीन वर्षांच्या बोलीवर. परत द्यायची म्हणूनच दिलेली. अशा ठिकाणी कौतुकानं फिरणं म्हणजे त्या मालकीला मान्यता देणं. आणि मुलांना तुम्ही काय सांगणार? हे चोरीचं आहे, आता चला गुलाब बघू?

बागवान

कृष्णाकाठ, राग समजतो, पण बाग क्लाइव्हची नाही. या गच्च्या सतराव्या शतकाच्या शेवटच्या, हर्बर्ट घराण्याच्या. प्लासीची लढाई व्हायची होती तेव्हा. क्लाइव्ह तिथे आले ते १७८४ च्या लग्नामुळे, एडवर्डनं हेन्रिएटा हर्बर्टशी केलेल्या.

मी स्वतः झाडांत रमणारा माणूस, म्हणून तिथल्या यू या सदाहरित झाडांबद्दल थोडं. सुरुवातीला ती छोटी, टोकदार शंकूसारखी कातरलेली होती. अठराव्या शतकात घराण्याचं लक्ष उडालं आणि झाडं मोकाट वाढली. पुन्हा कातरायला घेतली तेव्हा त्यांचे ढगांसारखे गोळे झालेले होते, आज दोन-तीन मजली उंच. अजूनही दर वर्षी उन्हाळा सरताना माळी यंत्राच्या पाळण्यात उभा राहून कित्येक आठवडे छाटणी करतो. ही मेहनत बघायला गेलं तर त्यात कुणाची मान्यता आली? शिवाय १९५२ पासून वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिकिटाचा पैसा निगराणीवर जातो.

कृष्णाकाठ

बाग आधीची, मान्य. पण ती टिकली कशानं? हर्बर्ट कर्जात होते, वाडा पडायला आला होता. १८०१ मध्ये हेन्रिएटाचा भाऊ निपुत्रिक वारला, इस्टेट तिच्या मुलाकडे गेली आणि मग क्लाइव्हच्या पैशानं डागडुजी झाली. त्या पैशाचा उगम बंगालमध्ये आणि मद्रासमध्ये आहे. भिंतीला दगड कुणाचा आणि चुना कुणाचा, हे वेगळं काढता येत नाही.

जुनी बखर

लुटीचा विषय निघालाच आहे तर आपलीही बाजू लिहायला हवी. १७९१ मध्ये टिपूवरच्या मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाला मदत पाठवली ती टिपूनं. पुढच्याच वर्षी आपण इंग्रजांच्या जोडीनं श्रीरंगपट्टणाला वेढा घालून बसलो होतो. म्हणून पॉविसला गेल्यावर "आपलं नेलं" हे वाक्य मला सहज म्हणता येत नाही. म्हैसूरकरांचं नेलं, असं म्हणेन.

रानजाई

बखरदादा, हे मुलांना सांगायलाच हवं, आणि त्या तंबूसमोर ते सांगणं जितकं सोपं आहे तितकं घरी नाही.

कृष्णाकाठ, पैशाचा मुद्दा खरा आहे, मी तो खोडत नाही. म्हणूनच तर जायला सांगते. २०२० मध्ये ट्रस्टनं स्वतःच्या ९३ वास्तूंचा वसाहती आणि गुलामगिरीशी असलेला संबंध अहवालात मांडला, तेव्हा त्यांच्याच सभासदांपैकी कित्येक चिडले. आपण गेलोच नाही तर फलकावर काय लिहावं, हे फक्त चिडलेले सभासद सांगणार. मी दर वेळी तिथल्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारते. बरेच जण मनापासून उत्तर देतात, काहींना विषय नको असतो. नको असला तरी विचारते.

कृष्णाकाठ

विचारा, जरूर विचारा. माझं मत मात्र तेच आहे. मुलांना टिपू दाखवायचा तर सुट्टीत भारतात आल्यावर श्रीरंगपट्टणला न्या. तिथे त्याचा स्वतःचा उन्हाळी महाल आहे, दर्या दौलत, १७८४ चा, सागवानी, चारी बाजूंनी बाग. बाहेरच्या भिंतीवर पोलिलूरची १७८० ची लढाई रंगवलेली आहे: मेण्यात बसलेला इंग्रजांचा जखमी कर्नल बेली, भोवती चौकोन करून उभी त्याची पलटण, आणि चहूकडून आलेलं म्हैसूरचं घोडदळ. मुलांनी हे आधी बघावं. तंबू नंतर बघितला तरी चालेल, आणि नाही बघितला तरी माझी तक्रार नाही.