शिष्यवृत्तीसाठी जॅझ ब्रंच: वादकांनी फुकट का वाजवायचं?

शिवडीकर
आमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात रविवारी जॅझ ब्रंच करणार आहेत. तिकिटांतून उरलेले पैसे गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीला. कल्पना मला मनापासून आवडली. पण हॉटेलला पूर्ण पैसे, साउंडवाल्याला पूर्ण पैसे आणि वाजवणारे स्थानिक कलाकार तेवढे ‘चांगल्या कामासाठी’ फुकट, हे मला पटत नाही.

या शहरात जॅझ वाढला तो वादकांच्या पोटापाण्याच्या कामातून. 1930च्या दशकात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड यांचे बँड ताजमध्ये वाजत. गोव्यातल्या गावच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून आलेली पोरं धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिघरांत राहायची, रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायची. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्याच परंपरेतली माणसं. त्यांच्या वारसांना आपण बिदागी नाकारणार?

गिरगावची सून
दादा, मुद्दा मुलांच्या फीचा आहे. 8 जुलै 1921 रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. आपल्याकडे कलाकारांनी कामासाठी कला देणं नवीन नाही. मानधन दिलं की तेवढी शिष्यवृत्ती कमी होते, हा साधा हिशेब आहे.

शिवडीकर
ताई, तो प्रयोग नावाजलेल्या दोन कंपन्यांनी स्वतःहून ठरवला होता. इथे समितीने वादकांच्या वतीने परस्पर ठरवलंय.

हिशेबनीस
मी तर म्हणतो ब्रंचच नको. समजा तिकीट 3,000 रुपये. ताटाचे 1,800. मोठ्या हॉटेलात त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 324. उरले 876. त्यातून साउंड, छपाई, पियानोची ने-आण. मुलाच्या हातात काय पडणार? शिवाय जेवणाचे पैसे देणगी म्हणून दाखवता येत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकाने घरबसल्या 1,000 रुपये पाठवावेत.

गिरगावची सून
घरबसल्या कोणी पाठवत नाही, हो. आवाहनं करून आम्ही थकलो. माणसं भेटली, एकत्र बसली, एखाद्या मुलीची अडचण कानावर आली की हात खिशात जातो. आणि एकदा जोडलेला माणूस पुढच्या वर्षीही देतो. ते तुमच्या 876मध्ये दिसत नाही.

हिशेबनीस
हे मान्य. मग हॉटेल सोडा. कॉलेजचा हॉल घ्या, मिसळ आणि खिमापाव ठेवा. जॅझला पांढरे टेबलक्लॉथ लागतात असं कुणी सांगितलं?

टेनर_सॅक्स
मी वाजवणाऱ्यांपैकी आहे, या कार्यक्रमात नाही, पण अशा बऱ्याच कार्यक्रमांत. आम्हाला फोन येतो तो ‘तारीख मोकळी ठेव’ असा. पैशांचा विषय निघतच नाही. रविवार हा आमचा कामाचा दिवस. तो दिला की दुसरं काम जातं. ड्रमर टॅक्सीत सामान घालून येतो, तिचं भाडंही त्याच्याच खिशातून. मला पूर्ण मानधन द्या, रीतसर पावती घ्या. त्यातलं अर्धं मी शिष्यवृत्तीला देईन, पण माझ्या नावाने, देणगीदारांच्या यादीत. मला देणगीदार होऊ द्या.

गिरगावची सून
हे मला पटलं. पण सगळेच अर्धं परत देतील हे धरून बजेट कसं करायचं?

टेनर_सॅक्स
धरू नका. ज्याला जमेल तो देईल. मानधनासाठी वेगळा प्रायोजक शोधा, म्हणजे तिकिटाच्या पैशाला हात लागणार नाही.

मेसचा_डबा
मी अशाच एका शिष्यवृत्तीवर शिकलोय, म्हणून बोलतो. 2024-25पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे. पण खोलीचं भाडं, मेस, लोकलचा पास, लॅपटॉप कोण देणार? मुलं अर्ध्यातून परत जातात ती यापायी. शिष्यवृत्ती दरमहा खात्यात येऊ दे, वर्षाखेरचा एकरकमी चेक नको. आणि कृपा करून त्या मुलांना ब्रंचच्या वेळी स्टेजवर बोलावून परिस्थिती सांगायला लावू नका. मी सांगितली होती. समोर लोक जेवत होते.

गिरगावची सून
माफ करा, पण ऐकल्याशिवाय लोक देत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

मेसचा_डबा
मग शिकून नोकरीला लागलेल्यांना बोलवा. मी येतो, तिकीट काढून.

शिवडीकर
समितीच्या बैठकीत दोनच गोष्टी मांडतो: वादकांचं मानधन खर्चाच्या यादीत सगळ्यात वर, आणि महिन्याभरात जमाखर्च सगळ्या तिकीटधारकांना. हॉटेल की हॉल, यावर मत द्या. मी हॉलच्या बाजूने.

गिरगावची सून
मी अजून हॉटेलच्याच. मोठे देणगीदार हॉलमध्ये येणार नाहीत. पण मानधनाला माझा होकार लिहून घ्या.