पहिल्याच फोनवर चौरस फुटाचा दर सांगावा का?

सातपूरचा_कंत्राटदार (धागाकर्ता)
नाशिकमध्ये घरबांधणीची आणि दुरुस्तीची कामं घेतो. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्वेअर फुटाचा दर काय?" आणि आमच्यातले बहुतेक जण लगेच आकडा सांगून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या फोनवर दर सांगूच नये. त्यात पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड वॉल, प्लिंथचा (जोत्याचा) भराव धरलाय का? क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंती धरून)? काहीच ठरलेलं नसतं. तरी तो आकडा समोरच्याच्या वहीत उतरतो आणि स्लॅबच्या वेळी "तुम्हीच तर म्हणाला होतात" सुरू होतं.

त्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं नीट विचारा. गळतीचा फोन असेल तर ओल छताला आहे की भिंतीला? पावसाळ्यातच दिसते की बारा महिने? बारमाही असेल तर संशय वरच्या बाथरूमवर नाहीतर पाइपावर. पावसातच येत असेल तर गच्चीचा कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर), पॅरापेटचा म्हणजे कठड्याचा सांधा, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा बघाव्या लागतात. नाशिकच्या सिडको भागातल्या जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तर घर कॉलमवर उभं आहे की भिंतींवर, हे आधी विचारा. एवढं बोलणं झालं की हा माणूस कामाचा आहे की नाही, हे मालकालाही कळतं.

पाथर्डीफाटा_रोहाउस
साफ अमान्य. तुम्ही दर सांगत नाही म्हणून आम्ही बिनमाहितीचे राहतो. गेल्या वर्षी घराच्या नूतनीकरणासाठी बरेच फोन केले. सगळ्यांचं एकच उत्तर, "साइट बघून सांगतो." येतात, टेप लावतात, चहा घेतात, "दोन दिवसांत कोटेशन पाठवतो" म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. माझे तेवढे रविवार गेले. खर्च पाच लाखांच्या घरात जाईल की पंधराच्या, एवढं तरी फोनवर कळायला नको? ते कळलं असतं तर निम्म्या लोकांना मी घरी बोलावलंच नसतं, त्यांचाही पेट्रोलचा खर्च वाचला असता.

सेंटरिंग_ते_स्लॅब
मीही कंत्राटदारच आहे, पण या मुद्द्यावर घरमालकांच्या बाजूने. "इथपासून इथपर्यंत" अशी रेंज सांगायला काय हरकत आहे? फक्त तिच्यासोबत चार गोष्टी बोलायच्या: लेबर रेट (फक्त मजुरी) की मटेरियलसह, फरशी कुठल्या भावाची धरली, खिडक्या कसल्या, आणि जीएसटी आत की बाहेर. मटेरियलसह कामावर १८ टक्के जीएसटी म्हणजे छोटी रक्कम नाही, ती शेवटच्या बिलात दाखवली की भांडण होणारच. बोलून झालं की तेच सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो. मग "तुम्हीच म्हणाला होतात"ला जागाच राहत नाही.

इंदिरानगरची_ताई
दराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाहीये. घराचं सगळं काम मी बघत होते. आर्किटेक्टशी मी बोलले, कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जातात. तरी फोनवर विचारणा होते, "मॅडम, साहेब आहेत का? त्यांच्याशी बोलतो." एकाला मी किचन ओट्याची उंची आणि ग्रॅनाइटची जाडी सांगत होते, तर तो म्हणाला, "ते नंतर बघू, आधी साहेबांचा नंबर द्या." त्याला मी परत फोन केला नाही. धागाकर्ते दादा, तुमच्या प्रश्नांच्या यादीत "घरात निर्णय कोण घेणार" हा प्रश्न जरूर असू द्या, पण उत्तर स्वतःच गृहीत धरू नका.

सातपूरचा_कंत्राटदार
ताई, शंभर टक्के पटलं. आमच्या लोकांनी हे मनावर घ्यायलाच हवं.
रोहाउसवाले दादा, कोटेशन न पाठवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण रेंजबद्दल माझा अनुभव असा की ऐकणाऱ्याच्या लक्षात फक्त खालचा आकडा राहतो, लिहून दिलं तरी. त्याऐवजी मीच बजेट विचारतो. बजेट कळलं की त्यात काय बसेल आणि काय नाही, हे तिथल्या तिथे सांगता येतं.

नाशिकरोड_निवृत्त
इथेच खरी अडचण आहे. मी प्रेसमधून निवृत्त झालो, फंडाच्या पैशातून घर बांधतोय. बजेट सांगितलं की कोटेशन बरोबर तेवढंच येतं, हे मी भावाच्या घराच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा बजेट मी सांगणार नाही. आणि तारखेबद्दल पहिल्याच फोनवर खरं बोला. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं निघाल्यापासून कारागीर मिळत नाहीत हे मलाही दिसतंय. "पुढच्या महिन्यात सुरू करू" असं गोड बोलून चार महिने लटकवण्यापेक्षा "दिवाळीनंतरच जमेल" म्हणालात तर मी थांबेन.

सेंटरिंग_ते_स्लॅब
काकांचं बरोबर आहे. बजेट नको, मंजूर नकाशा मागा. त्यावरून मापं काढून आयटमवार, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर द्या. मग चार जणांची कोटेशनं शेजारी ठेवून बघता येतात.

सातपूरचा_कंत्राटदार
नवीन घराला ते चालेल, दुरुस्तीला नाही. भिंतीच्या आतली ओल नकाशात दिसत नाही.
काका, तुम्ही नकाशा पाठवा, बजेट राहू द्या. फक्त प्लॉटवर काळी माती आहे की मुरूम, आणि शेजारच्यांनी पाया किती खोल घेतला, तेवढं विचारून ठेवा. काळ्या मातीत पायाचा खर्च वाढतो, आणि माती कळल्याशिवाय तो आकडा मी फोनवर सांगणार नाही.