'आलं' हा शब्द आला कुठून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आल्याच्या मागे लागलोय गेले काही दिवस. संस्कृतात आल्याला 'शृंगवेर' असंही म्हणतात. शिंगासारखं अंग असलेलं ते शृंगवेर, अशी फोड करतात. आल्याचा तुकडा हातात घेतला की पटतंही, चारी बाजूंनी शिंगं फुटलेलीच असतात! पण तमिळमध्ये आलं म्हणजे 'इंजी' आणि मूळ म्हणजे 'वेर'. त्यामुळे शब्द मुळात द्राविडी आणि शिंगं नंतर चिकटवलेली, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं. पुढे हाच शब्द पालीत सिंगिवेर, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, अरबीत झंजबील होत इंग्रजीत जिंजर झाला. रशियन 'इंबीर'ही त्याच घराण्यातला.

आता माझी अडचण. आपल्याकडे हा शब्द टिकलाच नाही. 'सुंठ' सरळ शुंठीवरून आली. (सुंठीवाचून खोकला जातो, माझा प्रश्न मात्र जात नाही.) 'आलं' हे 'आर्द्रक'वरून, म्हणजे ओलं ते आलं, असं सांगतात. हिंदी अदरक आणि बंगाली आदा यांत 'द' स्पष्ट ऐकू येतो, आपल्याकडे मात्र 'ल'. प्राकृतात 'अल्ल' म्हणजे ओलं, तेव्हा वाट तिथूनच असावी. पण मग तेलुगूतलं 'अल्लम' कुठून आलं? त्यांनी प्राकृतातून उचललं की आपण त्यांच्याकडून?

कुणी यावर वाचलंय का? शिवाय तुमच्या बोलीत आल्याला 'शृंगवेर'च्या जवळचा एखादा शब्द असेल तर तोही जरूर सांगा.