रजिस्टरात 'पेंडूर, जिल्हा रत्नागिरी' आहे, पण रत्नागिरीत पेंडूर सापडत नाही

वाकवाची लेक

नमस्कार. मी मॉरिशसची, वाकवा गावात राहते. मराठी शाळेत शिकले, घरी आम्ही क्रेओलच बोलतो, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

माझे खापरपणजोबा 1859 साली मुंबईहून जहाजाने इकडे उसाच्या मळ्यावर गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, आले. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची जुनी रजिस्टरं ठेवलेली आहेत, तिथून त्यांच्या नोंदीचा उतारा मिळाला. नंबर, नाव, बापाचं नाव, वय 22, उंची, उजव्या भुवईवर व्रण, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी, गाव पेंडूर. आडनाव लिहिलेलंच नाही. बापाचं नाव होतं तेच पुढे आमचं आडनाव झालं. इथे कितीतरी घरांत असंच झालंय.

रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशात मला पेंडूर दिसत नाही. ओसीआय कार्डासाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) विचारत नाहीये, ते काम वेगळं चालू आहे. तो माणूस कुठल्या घरातून निघाला एवढंच बघायचंय. बाबा थकलेत आता, आणि फोनवर पहिला प्रश्न हाच असतो: गावाचं काय झालं?

जुनं दप्तर

ताई, तुम्ही नकाशा आजचा घेतलात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधी मालवण, वेंगुर्ला, देवगड हे सगळं रत्नागिरीच. पेंडूर सिंधुदुर्गात आहे, आणि पंचाईत अशी की दोन आहेत. एक मालवण तालुक्यात, कट्ट्याजवळ. दुसरं वेंगुर्ला तालुक्यात, मातोंडला लागून.

त्यात वेंगुर्ल्याच्या आसपासची पुष्कळ गावं तेव्हा सावंतवाडी संस्थानात होती. पण मुंबईत भरती करणाऱ्या कारकुनाला संस्थान कुठलं आणि इंग्रजी मुलूख कुठला याचं काय पडलेलं असणार? 'रत्नागिरी' लिहून मोकळा. म्हणून जिल्ह्याच्या रकान्यावर फार भिस्त ठेवू नका.

माझी नोकरी भूमी अभिलेखात गेली, तेव्हा जमिनीच्या कागदांचंही सांगतो. खोती गावांत, म्हणजे जिथे सारा खोत गोळा करायचा तिथे, बोटखतं (खोत आणि कुळांच्या हक्कांच्या नोंदी) मिळतात, पण ती पैमाशीनंतरची, म्हणजे इंग्रजांच्या जमीनमोजणीनंतरची. तुमचे खापरपणजोबा तोवर गेलेले. शोधायचं ते त्यांच्या बापाचं नाव किंवा भावांचं. आणि त्याआधीचं जे काही हाती लागेल ते मोडीत असेल, वाचणारा माणूस बरोबर घ्या.

काळी नदी

मीही मॉरिशसचाच, माझं घराणं दापोलीकडचं निघालं. दीदी, मोकाला परत जाऊन दोन गोष्टी मागा.

पहिली, तुमच्या नंबरच्या मागचे-पुढचे नंबर. एका गावची माणसं बहुतेक एकत्र निघायची, डेपोत एकत्र बसायची, मग रजिस्टरातही ओळीने येतात. आजूबाजूला मातोंड, तुळस, होडावडे अशी गावं दिसली तर वेंगुर्ल्याचं पेंडूर. कट्टा, काळसे, धामापूर दिसलं तर मालवणचं. मला माझं गाव असंच लागलं, शेजारच्या नंबरवाल्यामुळे.

दुसरी, फोटो. 1859 ला उतरताना फोटो काढत नव्हते. पण 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटोचा पास बाळगावा लागला. तोवर ते हयात असतील तर फोटो असण्याची शक्यता आहे. तो कायदा आपल्या लोकांना रस्त्यात अडवून तुरुंगात टाकायला केलेला होता, आणि आज आपण त्याच कागदांवर आजोबांचे चेहरे बघतो. मला त्या फोटोंकडे बघून आनंद व्हावा की राग यावा ते अजून कळलेलं नाही.

वाकवाची लेक

काका, दादा, खूप आभार. दोन पेंडूर आहेत हे इथे कुणालाच माहीत नव्हतं.

आता बाबांना फोन केला होता. देवाला नारळ ठेवताना आजी मोठ्याने काहीतरी बोलायची, मधेमधे आम्ही सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. बाबांना त्यातलं थोडंच आठवतं: 'बारा गावच्या, बारा वेशीच्या', आणि 'तीनशे साठ चाळ्यांच्या घोडेमुखा'. याचा काही उपयोग आहे का?

मातोंडकार

बाय, उपयोग काय इचारतंस! ह्या आमचा गाऱ्हाणा, देवाक घालतत ती विनवणी. घोडेमुख म्हणजे मातोंड-पेंडूरचो देव, तीनशे साठ चाळ्यांचो, म्हणजे भुताखेतांचो, अधिपती. सावंतवाडी-वेंगुर्ला वाटेर डोंगरात आसा. जत्रेक लोक कोंबे घेवन येतत, मुंबैचे चाकरमानी रजा टाकून येतत. तुझ्या आजयेन ता नाव समुद्रापलीकडे सांभाळून ठेवल्यान, वाचून माका रडाक इला.

जत्रेच्या येळेक ये. मानकरी, गावकार सगळे एका जाग्यार गावतत.

कट्ट्याचो झील

एक सांगू का? आमच्या मालवणच्या पेंडूरला वेताळाचं मोठं देऊळ आहे. पण घोडेमुखाला नवस बोलणारे मालवणात, कुडाळात, सगळीकडे आहेत. लग्न होऊन आलेली बाईसुद्धा माहेरचा देव गाऱ्हाण्यात घालते. आजी स्वतः कुणाच्या घरातली होती, ते विचारलंत का? तिचेच पूर्वज मातोंडचे असले तर?

जुनं दप्तर

कट्टेकरांचा मुद्दा बरोबर आहे. गाऱ्हाणं पुरावा म्हणून धरू नका, दिशा म्हणून धरा. आधी मोकाचे शेजारचे नंबर, मग गावकारांकडे बापाचं नाव. आडनाव हाती लागलं की त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या बघता येतील. तिथे गाव आणि आडनाव दोन्ही विचारतात.

वाकवाची लेक

आजीच्या वडिलांचा नंबर बाबांकडे आहे. सोमवारी मोकाला जाऊन दोन्ही नंबरांची पानं मागते.