चर्चा: आमचा तो मोजिझा, तुमची ती जादू?

कौसा_खाडीवाला: काल घोडबंदरकरांनी लिहिलं की 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला तेव्हा मुसलमान हसले, पण पैगंबरांच्या इशाऱ्याने चंद्र दुभंगला हे मात्र डोळे मिटून मानतात. वर पुन्हा, ‘इस्लामात दुसऱ्या धर्माचा चमत्कार म्हणजे सरसकट सैतान.’ या दुसऱ्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

सरसकट काहीही नाही. कलामवाल्यांनी, म्हणजे इस्लामी धर्मतत्त्वज्ञांनी, खाने पाडून ठेवलेत. नबीच्या, म्हणजे पैगंबराच्या हातून, आव्हानासकट घडलं तर मोजिझा. वलीच्या, म्हणजे संताच्या हातून, नबी असल्याचा दावा न करता घडलं तर करामत. नाकारणाऱ्याच्या हातून त्याला हवं तसंच घडलं तर इस्तिदराज, म्हणजे बुडण्यासाठी दिलेली ढील. उलटं घडलं तर इहानत. पैगंबरीचा खोटा दावा करणारा मुसैलमा विहिरीत थुंकला आणि पाणीच आटलं, हे तिचं नेहमीचं उदाहरण. हातचलाखी निराळीच. यात ‘घडलंच नाही’ हे पहिलं उत्तर कुठेच नाही! दज्जाल, म्हणजे शेवटच्या काळात येणारा तोतया मसीहा, पाऊस पाडेल, माणूस मारून पुन्हा उठवेल, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच आहे. घडलं तरी दावा सिद्ध होत नाही, एवढंच म्हणणं. येशूंनी मातीचा पक्षी जिवंत केला, आंधळे आणि कोड आलेले बरे केले, मेलेले उठवले, हे सगळं कुराणात 3:49 ला आहे, ‘अल्लाहच्या हुकमाने’ या शब्दांसह. चमत्कार मान्य, देवत्व अमान्य.

घोडबंदरकर: वा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, याला एवढी अरबी नावं? माणूस पाण्यावरून चालला. नमाजी असेल तर करामत, नसेल तर ढील. मग चमत्कार बघून धर्म ठरवायचा, की धर्म बघून चमत्कार?

कौसा_खाडीवाला: वलींच्या बाबतीत धर्म बघूनच, आणि ते कोणी लपवलेलं नाही. हवेत उडणारा दिसला तरी भुलू नका, आधी शरियत पाळतो का बघा, हे जुने सूफी बायजीद बिस्तामी यांच्या नावावर सांगतात. सूफींना झोडपणारा धर्मपंडित इब्न तैमियाही हेच म्हणतो. मोतझिला हे जुने बुद्धिवादी पंथवाले तर करामतच नाकारायचे. वलीही तेच करू लागला तर नबी ओळखायचा कसा, ही त्यांची अडचण. नबीचं वेगळं. मूसांसमोर (मोझेस) फिरऔनचे, म्हणजे इजिप्तच्या राजाचे जादूगार काठ्या-दोरांचे साप भासवत उभे होते. मूसांच्या काठीचा खरा साप झाला, आणि पहिला सजदा त्या जादूगारांनीच घातला. हातचलाखी कुठे संपते हे त्यांनाच ठाऊक.

नेरूळची_निशा: ते त्या दिवशी मैदानात हजर असलेल्यांसाठी, भाऊ. आपल्यापर्यंत येते ती रिवायत, म्हणजे सांगोवांगी आलेली हकीकत. मग दुसऱ्या धर्माची रिवायत का नको, याचं उत्तर तुमच्या एकाही खान्यात नाही.

रबाळे_केमिकल: जादूगारांचा विषय निघालाच आहे तर, 10व्या शतकातला हनफी पंथाचा फकीह (धर्मकायद्याचा पंडित) जस्सास त्यांची युक्ती सांगतो. काठ्या पोकळ, दोर कातड्याचे, दोन्हींत पारा, खाली भुयार खणून विस्तव. पारा तापला की साप हलले. कुराणातही ‘लोकांच्या डोळ्यांवर जादू केली’ असंच आहे, 7:116. पण हिशोब बसत नाही. पारा अंशाला 0.018 टक्के फुगतो, म्हणजे 100 अंशांनी तापवला तरी 2 टक्केसुद्धा नाही. शिवाय अर्धा लिटर पारा म्हणजे पावणेसात किलो. एवढं धूड वळवळणार कसं?

नेरूळची_निशा: फुगायला हवाच कशाला? नळी गच्च भरली तर हलणारच नाही, अर्धी भरायची. उतारावर ठेवली की पारा एका टोकाला धावतो आणि दुसरं टोक उचललं जातं. आणि कातडं तापलं की आखडतं, वळतं. दोराला तेवढं पुरे.

रबाळे_केमिकल: ठीक, काठीचं मानलं. दोराचं नाही. ओलं कातडं आखडेल, कोरडं आधी करपेल आणि वास सुटेल. जादूगार आधी पाऱ्याच्या वाफेने मेले असते. तिला ना रंग, ना वास. घरी कोणी करून बघू नका.

घोडबंदरकर: मी विचारलं काय, चाललंय काय! ठाण्यात राहता की बगदादला?

रबाळे_केमिकल: मग दुधाचं घ्या. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या सोंडेला टेकवला की पृष्ठताण दूध ओढतो आणि ते पातळ थराने खाली ओघळतं. संगमरवरावर दिसत नाही. दुधात रंग घाला, ओघळ दिसतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं.

घोडबंदरकर: आणि ऑगस्ट 2006 ला माहीमची खाडी गोड झाली, माहीम दर्ग्याच्या मखदूमबाबांची करामत म्हणून बाटल्या भरल्या, तेव्हा तुमचे खाने कुठे होते?

कौसा_खाडीवाला: भरणारे सगळ्या धर्मांचे होते, आणि ते पाणी पिणं मूर्खपणाच होता. पावसात मिठी नदीचं गोडं पाणी येतं, हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. दोन मीटर खालून बादली काढली असती तर तोंड वाकडं झालं असतं. आता माझं ऐका. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. ते 27 जानेवारी 632 चं धरतात. सूर्यालाही दुःख झालं, असं लोक म्हणू लागले. पैगंबरांनी स्पष्ट सांगितलं, कोणाच्या मरणाने वा जन्माने ग्रहण लागत नाही. आयता चमत्कार दारात आला होता, तो परत पाठवला.

घोडबंदरकर: हे चांगलं आहे. नाइलाजाने लिहितोय. पण निशाताईंचा प्रश्न तसाच आहे.

नेरूळची_निशा: तसाच राहणार. आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही तो सोडवलेला नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला मुभा, चमत्कार दाखवून पैसे काढले तर 6 महिने ते 7 वर्षं. घडलं की नाही, हे कायदाही विचारत नाही. गल्ला कोणाकडे आहे ते विचारतो.

कौसा_खाडीवाला: म्हणजे विधानसभेनेही खानेच पाडले की, ताई!