घोड्याला मिठाची वीट पुरते का? मिनरल मिक्श्चरबद्दलही सल्ला हवा

रानवारा:
घोडा ४५० किलोचा, काम हलकं. वाळलेलं गवत, वर चंदीत २ किलो ओट आणि १ किलो गव्हाचा कोंडा. गुरांची मिठाची वीट टांगली आहे, पण महिन्याभरात जेमतेम झिजली. म्हणजे मीठ पुरतंय असं धरू का? गुरांचंच मिनरल मिक्श्चर दिलं तर?

खरारा:
नका धरू. वीट गुरांच्या खरखरीत जिभेसाठी असते, घोड्याची जीभ गुळगुळीत. आठवड्याला वीट वजनकाट्यावर ठेवा. नुसतं उभ्या घोड्यालाही १०० किलोमागे रोज ५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे तुमच्याकडे २२-२३ ग्रॅम. आठवड्याला दीडशे ग्रॅम झिजत नसेल तर तूट चंदीतून भरा. साधं बारीक मीठ घ्या, ५ ग्रॅमपासून सुरुवात करून दोन-तीन दिवसांनी वाढवा, दोन वेळांत विभागा, चंदी ओलसर ठेवा. पहिल्याच दिवशी सगळं ओतलंत तर गव्हाणीला तोंड लावणार नाही. एक लिटर घामात ९-१० ग्रॅम मीठ जातं, त्यामुळे पोटाखालून घाम निथळला त्या दिवशी ५० ग्रॅमपर्यंत जा. स्वच्छ पाणी कायम समोर हवं.

रानवारा:
गुलाबी सैंधव जास्त चांगलं का?

खरारा:
सोडियम जवळपास तेवढंच. खूश होतो तो मालक.

टापटीप:
मिठापेक्षा मला कोंडा खटकतोय. किलोभर कोंड्यात फॉस्फरस ११-१२ ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम दीड. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट तरी असावं, निदान कमी नसावं. उलटं झालं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. आधी पाय बदलून बदलून लंगडणं, मग नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगणं. रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीकच दिसतं, रिपोर्टवर विसंबू नका. कोंडा बंद करा किंवा किलोमागे ३० ग्रॅम खाण्याजोगी चुनखडी पावडर घाला. चुना नव्हे, तोंड भाजेल.

गुरांच्या मिक्श्चरचं लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात मोनेन्सिन (गुरा-कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते औषध) असेल तर घोड्याच्या आसपासही नको, थोड्या मात्रेनेही हृदय निकामी होतं. सेलेनियम (अगदी कणभर लागणारं खनिज) असलेलं मिक्श्चर एकच ठेवा. दोन डब्यांतलं मिळून जास्त झालं तर आयाळ-शेपूट गळते, खुरांना भेगा जातात. आणि ‘लागेल तेवढं तो स्वतः खाईल’ हे फार तर सुट्या मिठाला लागू, तांबं-जस्त मोजूनच द्यावं लागतं.