मदत हवी आहे: दादासाठी कोणता एअर बेड घ्यावा? (आज रात्रीच ठरवायचं आहे)

कातळावरचा | रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. दादा एप्रिलात आंबे काढताना कलमावरून पडला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, आता घरीच असतो, अंथरुणातच. माकडहाडाजवळ लाल चट्टा आलाय, म्हणून एअर बेड घ्यायचा आहे. डोंबिवलीतला दुकानदार दोन प्रकार दाखवतो, फुग्यांचा आणि आडव्या नळ्यांचा. किमतीत दुपटीहून जास्त फरक. कुठला घेऊ? उद्या सकाळी राजापूरच्या गाडीत टाकायचा आहे. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया सांगू नका, विचारून झालं, ते म्हणाले कुठलाही चालेल.

वहिनी एकटी सगळं बघते. त्यात आज संध्याकाळपासून दादाचं डोकं ठणकतंय, तोंड घामाने निथळतंय, त्यामुळे ती पार टेकीला आलीय. ऑक्टोबरचा उकाडा आणि वर पत्रे, दुसरं काय होणार. पण तो वेगळा विषय. एअर बेडचं सांगा.

घाटावरची | ९:१८

वॉटर बेड घ्या, डोळे झाकून. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हापासून शेवटपर्यंत वॉटर बेडवरच होत्या, एक जखम झाली नाही. पंप नको, वीज नको, रात्रभर घरघर नको.

खारवी | ९:२१

मार कुठे बसलाय? मान, पाठ की कंबर? पायाला स्पर्श कळतो का? खुर्चीत बसवता का? वजन किती? यातलं काहीच न सांगता बेड कसा सुचवणार?

निवृत्त फौजी | ९:३०

कोणताही बेड आणा, दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, रात्रीसुद्धा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 साली मणक्याच्या जखमींचा वॉर्ड सुरू केला. त्याआधी असे सैनिक बहुतेक बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या जंतुसंसर्गानेच जायचे. गुटमननी दिवसरात्र दोन-दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली आणि माणसं जगायला लागली. तेव्हा कुठे होते एअर बेड? आमच्या युनिटमधला एक जवान खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये होता. तिथली शिस्त मी डोळ्यांनी पाहिली आहे.

अबोली | ९:३४

लाल झालंय तिथे कोमट नारळतेलाने जोर देऊन चोळा आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या, रक्त खेळतं राहतं. घामासाठी धने-जिऱ्याचं पाणी द्या, उष्णता उतरते.

रात्रपाळी | ९:३७

मी मणक्याच्या वॉर्डात नर्स आहे. एअर बेडचं नंतर बोलू. लगेच सांगा:
मार मानेला आहे का? लघवीची नळी आहे का? असली तर पिशवीत शेवटची लघवी कधी आली? घरात बीपीचं मशीन आहे का?
डोकं ठणकणं आणि फक्त वरच्या अंगाला घाम हा उकाडा नसू शकतो. वहिनींना आत्ता फोन करा.

आणि अबोली, शेक अजिबात नको. संवेदना नसलेल्या कातडीला चटका बसला तर पेशंटला कळत नाही, सरळ फोड येतात. लाल जागा चोळायचीही नाही, आतल्या पेशी आधीच चेपल्या गेलेल्या असतात.

कातळावरचा | ९:४४

सिस्टर, मी विचारलं काय आणि... असो. सी६ लिहिलंय कागदावर, मान. हात कोपरात वाकतात, बोटं हलत नाहीत, छातीखाली काही कळत नाही. नळी आहे. बीपी शेजारच्या गुरुजींच्या मशीनवर 168/96 आलं. मेडिकलवाला बीपीची गोळी देतो म्हणतोय. द्यायची का?

मधुमेही | ९:४६

मला पाचची गोळी चालू आहे, अर्ध्या दिवसात उतरतं. तीच द्या आणि मीठ बंद करा.

रात्रपाळी | ९:४८

गोळी देऊ नका! वहिनींना फोनवर ठेवून हे करायला सांगा:

आधी उठवून बसवा. पाठीला उशा लावा, पाय खाटेखाली सोडा. पोटाचा पट्टा, पायजम्याची नाडी, मांडीला बांधलेला नळीचा पट्टा, सगळं सैल करा. मग पिशवीपासून वर अंगापर्यंत नळीवर बोट फिरवत जा. कुठे दुमडलीय का, अंगाखाली दबलीय का, पिशवी तुडुंब आहे का? पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच हवी. ओटीपोटावर दाबू नका. दर दोन-तीन मिनिटांनी बीपी मोजा.

नळी सरळ असून थेंब येत नसेल तर ती आतून तुंबलीय. मग आत्ताच्या आत्ता दवाखाना, नळी धुवावी किंवा बदलावी लागेल.

घाटावरची | ९:५२

माफ करा, पण इथे बसून असे उपचार सांगणं धोक्याचं आहे. सरळ 108 ला फोन करा ना. काही झालं तर जबाबदार कोण?

रात्रपाळी | ९:५४

108 ला फोन कराच, मी नको म्हटलेलंच नाही. पण गाडी वाडीत पोचेपर्यंत त्यांना आडवं ठेवून वाट बघणं जास्त धोक्याचं आहे. बसवणं आणि नळी बघणं याला डॉक्टर लागत नाही. हे प्रत्येक मानेच्या पेशंटच्या घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी शिकवायला हवं, आणि शिकवलं जात नाही याचाच मला संताप येतो.

मधुमेही | ९:५५

168 ला गोळी नाही द्यायची तर कधी द्यायची?

रात्रपाळी | १०:०१

हा तुमच्यासारखा रोजचा बीपी नाही. मानेच्या मणक्याच्या पेशंटचं वरचं बीपी एरवी 90 ते 110 च्या आसपास असतं, म्हणून त्याच्याहून 20-40 वर गेलं की सावध व्हायचं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मार असला की हे होऊ शकतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मूत्राशय तुंबलं की खालून कळ वर जाते, वाटेत मज्जारज्जू तुटलेला असल्यामुळे मेंदूपर्यंत पोचत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि बीपी चढतं. मेंदू 'सैल सोडा' असा निरोप पाठवतो, तोही मानेखाली उतरत नाही. म्हणून वर तोंड लाल, घाम, डोकं फुटेल असं दुखणं, नाडी मंद. असंच चढत राहिलं तर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

कारण दूर झालं की बीपी आपोआप उतरतं. त्या वेळी दिवसभर टिकणारी गोळी पोटात असली तर ते जास्तच खाली जाईल. कारण सापडत नसेल आणि वरचं बीपी 150 च्या वरच राहत असेल तर औषध लागतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लवकर उतरणारं.

कातळावरचा | १०:१३

नळी मांडीखाली दुमडली होती. संध्याकाळी डाव्या कुशीवर वळवलं तेव्हा पिशवी पलीकडेच राहिली. सरळ केल्याबरोबर धो धो आली, पिशवीत आठशेच्या वर. बीपी आता 124/78. डोकं दुखायचं कमी झालंय. दादा वहिनीला म्हणाला, "चहा टाक."

108 वाले निघाले होते, त्यांना काय सांगू?

रात्रपाळी | १०:१५

येऊ द्या, तपासून जाऊ द्या. परत चढू शकतं, म्हणून अजून दोन तास अधूनमधून बीपी बघा आणि नळी वाहतेय ना ते बघा. लघवी गढूळ आहे का? नळी कधी बदलली होती? संडास शेवटची कधी झाली? बद्धकोष्ठ हे या त्रासाचं दुसरं मोठं कारण. तो लाल चट्टासुद्धा कारण होऊ शकतो.

कातळावरचा | १०:२२

गढूळ आहे, तळाला पांढरा गाळ. नळी डिस्चार्जच्या वेळची, कोणी बदलायला सांगितलंच नाही. संडासला तीन-चार दिवसांनी एनिमा देतात. पाणी कमी पाजतो, पिशवी सारखी भरते म्हणून.

खारवी | १०:२५

डिस्चार्जच्या वेळची म्हणजे कधीची? जूनची?? साधी नळी तीन-चार आठवड्यांत बदलायची असते, सिलिकॉनची जास्त टिकते पण तीही इतकी नाही. उद्याच बदला. आणि पाणी कमी केलं की गाळ वाढतो, गाळाने नळी तुंबते. किडनीच्या डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर तरी जायला हवं. माझा मेहुणा डी१२चा आहे, म्हणजे मार छातीच्या बाराव्या मणक्याला, आम्ही पहिल्या वर्षी नळी काढूनच टाकली. दर चार-सहा तासांनी स्वच्छ हाताने तात्पुरती नळी घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. ताप नाही, गाळ नाही. तुम्हीही तेच करा.

रात्रपाळी | १०:३०

खारवी, पद्धत उत्तमच आहे, पण डी१२ चा माणूस स्वतःच्या हाताने करतो. सी६ ला बोटं नाहीत, म्हणजे दिवसाचे पाच-सहा वेळा वहिनींनीच करायचं, रात्री उठूनसुद्धा. त्या आधीच थकल्या आहेत. युरोलॉजिस्टला दाखवून ठरवू दे. तोवर नळीच, पण वेळेवर बदललेली. आणि बदलणाऱ्याला आधी सांगून ठेवा की बीपी चढू शकतं.

संडाससाठी एनिमाची वाट बघू नका. रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, जेवणानंतर अर्ध्या तासाने सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), मग हातमोजा आणि जेली लावून बोटाने हलकं उद्दीपन. जेवल्यावर आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. पहिल्यांदा एखाद्या सिस्टरकडून समोर शिकून घ्या, वाचून नाही.

घाटावरची | १०:३४

बरं झालं उतरलं ते. रात्रपाळी, मघाशी मी काळजीने बोलले हो. कातळावरचा, निरामय योजनेतून लाखाचा विमा मिळतो, त्याचा फॉर्म भरा.

खारवी | १०:३७

निरामय मणक्याच्या दुखापतीला लागू नाही. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. आम्ही त्यापायी हेलपाटे घातलेत. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मात्र काढाच. मुंबईत आणू शकत असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. तिथे दाखवा.

निवृत्त फौजी | १०:४१

दादांना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. आपल्या सांगली जिल्ह्यातले, 1965 च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक! मन खंबीर असलं की सगळं होतं.

खारवी | १०:४४

काका, आदर आहेच, पण मानेच्या पेशंटला ही गोष्ट ऐकवू नका. मेहुण्याला सुरुवातीला येणारा-जाणारा हेच ऐकवायचा, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्यापेक्षा वहिनींना एक रात्र सलग झोप कशी मिळेल ते बघू.

फिजिओ_नाशिक | १०:५२

विषय वेगळा आहे, पण सी६ वाचून लिहावंसं वाटलं. मनगट वर उचलता येतं ना? त्यांना मनगट वर उचलायला सांगा आणि बोटांकडे बघा, ती आपोआप मिटतात. याच पकडीने पुढे चमचा, कप, ब्रश धरता येतो. घरचे प्रेमाने बोटं सरळ ताणून व्यायाम देतात, तिथे घात होतो. मनगट वर असताना बोटं कधीही सरळ ताणू नका. बोटांचे स्नायू थोडे आखूडच राहू द्यायचे. एकदा सैल पडले की ती पकड जाते.

कातळावरचा | ११:०१

हे कोणीच सांगितलं नव्हतं, वहिनी रोज ताणते. आत्ताच कळवलं. बीपी 108/70 आहे, दादा झोपला. 108 वाले बघून गेले.

सिस्टर, मनापासून आभार. पण दुकानदार सकाळी आठला विचारणार, फुग्यांचा की नळ्यांचा?

रात्रपाळी | ११:०९

तो चट्टा बोटाने दाबून बघायला सांगा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा होऊन परत लाल झाला तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे, मग लाली जाईपर्यंत त्या जागेवर एक मिनिटही भार नको. रबरी ट्यूब किंवा कापसाचं कडं त्याखाली ठेवू नका, कडेची जागा चेपते आणि मधल्या जागेचं रक्त तुटतं.

सी६ आणि चट्टा आलेला, म्हणून नळ्यांचा घ्या. तो उंच असतो, एकाआड एक नळी भरते-रिकामी होते, एक फुटली तर तेवढीच बदलता येते. फुग्यांचा पातळ, जड माणूस टेकतो खाली. आल्यावर दादांच्या बुडाखाली, बेडच्याही खालून हात घालून बघा, मध्ये इंचभर तरी हवा लागली पाहिजे. वर एकच चादर, सुरकुती नको. वहिनींना सांगा, गोधडी घालायची नाही. गोधडी घातली तर एवढे पैसे फुकट.

पूर्ण कुशीवर न टेकवता पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवा, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. रोज सकाळी माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. आणि दर वेळी वळवलं की पिशवी वळलेल्या बाजूला घ्यायची, नळी मांडीच्या वरून.

निवृत्त फौजी | ११:१२

वीज गेल्यावर काय? पंप बंद, बेड सपाट.

खारवी | ११:१५

पंपाला वीज फार लागत नाही, घरात छोटा इन्व्हर्टर असला तर चालतो. आणि खाली चार इंची फोमची गादी ठेवाच. हवा गेली तरी माणूस फळीवर येत नाही.

कातळावरचा | ११:२०

नळ्यांचा सांगतो. फोमची गादी आहे. आता शेवटचं, राजापुरात घरी येऊन नळी बदलणारं कोणी आहे का? दादाला रिक्षात घालून नेणं जमत नाही.

खारवी | ११:२३

गाव कुठलं? मी लांज्याचा आहे, आमच्याकडे येणाऱ्या सिस्टर राजापूरपर्यंत जातात. व्यनि (खासगी निरोप) करा, नंबर देतो. नळीचा नंबर कागदावर बघून ठेवा, 14 की 16, त्या आधी तेच विचारतील.